ॲडमिशन मिळेल हो, पण पोरगी टिकेल का? नर्सिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे नर्सिंगच्या ॲडमिशनचे प्रश्न येतातच. यंदा मात्र ॲडमिशनपेक्षा पुढचेच प्रश्न जास्त आले, म्हणजे मुलगी तिथे राहील का, मधेच सोडून आली तर काय, आणि एका कॉलेजच्या मॅडमनी तर मुली जातात त्या थांबवायच्या कशा असंच विचारलंय. पुण्यात नर्सिंग शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे या विषयावर मला बोलायचंच होतं. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, माझ्या मुलीने बारावी सायन्स केलंय, बायोलॉजी तिला आवडतं, बीएस्सी नर्सिंगची सीईटी पण दिलीये, मार्क बरे आहेत. पण घरात सगळे म्हणतात नर्सिंगला घालू नका. शेजारची एक मुलगी पुण्याला गेली आणि दोन महिन्यांत परत आली. निवड करताना ते लोक बघत नाहीत का कोणाला झेपेल ते? आम्हाला आधी कसं कळणार? – एक आई, मंचर

ताई, खरं सांगायचं तर नाही बघत. आपल्याकडे बीएस्सी नर्सिंगची सीईटी म्हणजे १०० प्रश्न, ९० मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्लिश आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड प्रत्येकी २०. बारावीला पीसीबीत ४५ टक्के आणि इंग्लिश विषय (राखीव गटाला थोडी सूट आहे), ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण, मेडिकल फिटनेस, झालं. मेरिट लागतं, कॅप राउंड (सगळ्या कॉलेजांची एकत्र होणारी सरकारी ॲडमिशन) होतो, कॉलेज मिळतं. या सगळ्यात त्या मुलीशी समोर बसून पाच मिनिटं कोणी बोलत नाही. ते ॲप्टिट्यूडचे २० प्रश्न असतात हे चांगलंच आहे, पण चार पर्यायांतला बरोबर पर्याय निवडणं वेगळं आणि रात्री तीन वाजता उलटी झालेल्या आजोबांची चादर बदलणं वेगळं.

आपल्याच पुण्यात एएफएमसीला, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजला, मिलिटरी नर्सिंगसाठी मुली घेतात तिथली पद्धत बघा. मेडिकलच्या नीट परीक्षेच्या मार्कांवरून बोलावतात आणि मग बुद्धिमत्ता आणि इंग्लिशची टेस्ट, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि मेडिकल असं सगळं होतं. इंग्लंडमध्ये मिड स्टॅफर्डशायरच्या हॉस्पिटलमध्ये पेशंटचे फार हाल झाले, त्याच्या चौकशीचा अहवाल २०१३ ला आला आणि तेव्हापासून तिथे नर्सिंगला घेताना मुलांची वृत्ती बघायची, पेशंटबद्दल त्यांना काय वाटतं ते विचारायचं यावर जोर दिला जातो. आपल्याकडे हजारो अर्ज असतात, मुलाखती ठेवल्या की वशिल्याची भीती येते, म्हणून मार्कांवर मेरिट हे मला मान्य आहे. पण मग जे काम निवडीत होत नाही ते घरच्यांनीच करायला पाहिजे.

म्हणजे काय करा, तर ॲडमिशन फिक्स करायच्या आधी तिला एक दिवस वॉर्ड दाखवा. नात्यातलं कोणी ॲडमिट असेल तर तिला सोबतीला बसवा, रात्रीचं सुद्धा. नाहीतर तुमच्याच सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरना जाऊन विचारा, बहुतेक सिस्टर मनापासून बोलतात, त्यांना कोणी विचारत नाही एवढंच. मुलीला सांगा की फक्त बघ. सिस्टर किती वेळ उभ्या असतात, बेडपॅन कोण देतं, नातेवाईक ओरडतात तेव्हा त्या काय करतात, इंजेक्शन दिल्यावर पुढे लिहायचं किती असतं. घरी आल्यावर तिने "बापरे" म्हटलं तरी चालेल, बापरे म्हणून सुद्धा जिला परत जावंसं वाटतं ती टिकते. टीव्हीवरच्या पांढऱ्या ड्रेसकडे बघून किंवा फक्त परदेशात नोकरी मिळते म्हणून जी येते तिला पहिलं पोस्टिंग, म्हणजे हॉस्पिटलमधली शिकायची ड्युटी, जड जातं, आणि मग ती दिवाळीच्या सुट्टीला घरी जाते ती परत येतच नाही.

कॉलेज बघताना बिल्डिंग बघू नका. पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलला असतं, तिथे पेशंट खरंच असतात का, हॉस्टेलपासून तिथे पोरी जातात कशा, हे विचारा. एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे, त्यामुळे रिकामे वॉर्ड असलेल्या ठिकाणी शिकणार काय? आणि ऑफिसातल्या माणसाशी बोलून झालं की तिसऱ्या वर्षाच्या मुलीशी बोला, गेटबाहेर चहाच्या टपरीवर भेटतात त्या.

आता घरच्यांचं. शंभर वर्षांपूर्वी रमाबाई रानड्यांनी आपल्या सेवासदन संस्थेच्या मुली ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवल्या तेव्हा याच पुण्यात केवढा विरोध झाला होता, चांगल्या घरच्या बायकांनी हे काम करायचं का म्हणून. रमाबाईंनी घरोघरच्या लोकांची समजूत काढली आणि मुलींच्या राहण्याची नीट सोय केली, कारण राहायची सोय नीट नसेल तर घरचे पाठवणार नाहीत हे त्यांना पक्कं माहीत होतं. तुम्हीही हॉस्टेल आधी बघून या, रेक्टर कोण आहे, रात्री आजारी पडली तर कोण नेतं, मेसमध्ये जेवण काय असतं. शेजारची मुलगी का परत आली ते पण तिलाच विचारा, लोक सांगतात ते कारण बऱ्याचदा खरं नसतं.

प्रश्न : मॅडम मी फर्स्ट सेमला आहे, बीड जिल्ह्यातून आलेय, दहावीपर्यंत मराठी मीडियम. ॲनाटॉमी फिजिओलॉजीचं काहीच कळत नाही, मॅडम भरभर इंग्लिशमध्ये सांगतात. वॉर्डमध्ये बीपी चुकीचं सांगितलं म्हणून इन्चार्ज सिस्टर पेशंटसमोर ओरडल्या. त्याच आठवड्यात माझ्या पेशंट आजी वारल्या, आदल्या दिवशी मी त्यांची वेणी घातली होती. मला झोप येत नाही. मला वाटतं मी नर्सिंगसाठी नाहीचये. पप्पांनी कर्ज काढलंय म्हणून सांगता पण येत नाही. – फर्स्ट इयर, कात्रजजवळचं हॉस्टेल

बाळा, तू एका दमात तीन वेगळी दुखणी सांगितलीस आणि त्यांचं मिळून "मी नर्सिंगसाठी नाही" असं एकच उत्तर काढलंस. आपण जरा वेगवेगळी करून बघू.

आधी आजींचं. तू त्यांची वेणी घातलीस. बीपी घ्यायला कोणालाही शिकवता येतं गं, न सांगता पेशंटची वेणी घालायला शिकवता येत नाही. पहिला मृत्यू सगळ्यांनाच असा लागतो, ज्या इन्चार्ज सिस्टर ओरडल्या त्यांना सुद्धा कधीतरी लागलाच असेल. त्या दिवशी तुझ्यासोबत कोणीतरी बसायला पाहिजे होतं, तुझ्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरनी तुला बाजूला घेऊन विचारायला पाहिजे होतं. तसं झालं नाही यात तुझी काही कमतरता नाही. आता तू स्वतः जा, ज्या मॅडम जरा मायेच्या वाटतात त्यांच्याकडे, आणि एवढंच म्हण की मॅडम माझा पेशंट गेला, मला त्याबद्दल बोलायचंय. झोप तरीही येत नसेल, जेवण जात नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ ला फोन कर, टेली मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतं, मराठीत बोलता येतं. हे आजच कर, सेमिस्टर संपायची वाट बघू नको.

बीपीचं म्हणशील तर पेशंटसमोर ओरडणं चूकच, मी ते कधीच बरोबर म्हणणार नाही. पण बीपीचा आवाज पहिल्या महिन्यात भल्याभल्यांना नीट ऐकू येत नाही. स्टेथो कानात नीट बसलाय का, कफ बाहीवर बांधला नाही ना, हवा फार पटकन सोडत नाहीस ना, एवढं बघ. हॉस्टेलवर रोज रात्री चार मैत्रिणींचं घे, सीनियर शेजारी बसवून. आणि ऐकू आलं नाही तर अंदाजे आकडा कधीच सांगू नको, "सिस्टर मला नीट ऐकू आलं नाही, परत घेते" असं स्पष्ट म्हण. चांगली सिस्टर त्या वाक्यावर रागावत नाही, तिचा विश्वासच वाढतो.

राहिलं इंग्लिश. मराठी मीडियमच्या मुली पहिल्या सेमला रडतात आणि तिसऱ्या सेमला वॉर्डमध्ये डॉक्टरांशी राउंडला बोलतात, हे मी बॅचमागून बॅच बघितलंय. पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नको. आधी धडा काय आहे तो मराठीत समजून घे, बारावीचं बायो आहेच तुझ्याकडे, मग त्यातले इंग्लिश शब्द एका वहीत काढ, शब्द, अर्थ, आकृतीत कुठे आहे ते. आकृत्या हाताने काढ, नावं घाल, पेपरला आकृती आणि सुटसुटीत छोटी वाक्यं लिहिली तरी मार्क मिळतात, भारी इंग्लिश कोणी मागत नाही. सीनियरकडून मागचे पेपर घे. पास व्हायला ५० टक्के लागतात, इंग्लिशला ४०. एखादा विषय राहिला म्हणजे शिक्षण संपलं असं नाही, चार वर्षांचा कोर्स पूर्ण करायला जास्तीत जास्त आठ वर्षं मिळतात, हे तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. अटेंडन्स मात्र सांभाळ, थिअरीला ८० टक्के पाहिजे आणि क्लिनिकलचे तास तर डिग्री मिळेपर्यंत शंभर टक्के भरावेच लागतात, बुडवलेली ड्युटी नंतर करून द्यावी लागते.

एवढं करून सेमिस्टरची परीक्षा झाली की मग बस आणि स्वतःला विचार. अभ्यास, ओरडा, घरची आठवण, यापैकी काहीच नसतं तरी मला हे काम नको असतं का? उत्तर हो आलं तर सोडणं योग्य आहे आणि त्यात लाज काही नाही, फक्त पुढच्या वर्षाची फी भरायच्या आधी पप्पांना सांग. त्यांना कर्जापेक्षा तू गप्प बसलीस याचंच वाईट वाटेल. आणि सोडायचंच ठरलं तर अर्ज लेखी दे, त्याची पोच घे आणि ओरिजिनल कागद मागून घे, यूजीसीने २०१८ मध्येच सांगितलंय की कॉलेजांनी मुलांचे ओरिजिनल अडकवून ठेवू नयेत.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात एका प्रायव्हेट नर्सिंग कॉलेजला ट्यूटर आहे. दरवर्षी फर्स्ट इयरच्या मुली जातात, वर्ग निम्मा रिकामा वाटायला लागतो. मीटिंगमध्ये चर्चा झाली की प्रिन्सिपल मॅडम म्हणतात, कॅपमधून येतात, निवड आपल्या हातात नाही, मग आपण काय करणार. खरंच काही करता येत नाही का? – ट्यूटर, पुणे

करता येतं, भरपूर करता येतं, आणि तुम्ही विचारलंत याचाच मला आनंद आहे.

पहिलं म्हणजे कोण गेलं आणि का गेलं याची खरी यादी करा. टीसीच्या अर्जावर सगळ्या "घरगुती कारण" लिहितात, त्याला अर्थ नाही. महिनाभराने फोन करा, मैत्रिणीसारखा, तेव्हा खरं कळतं. मग लक्षात येईल की काही जणींना नीटच्या पुढच्या राउंडला बीएएमएस किंवा बीएचएमएस मिळालं, त्यांना तुम्ही थांबवू शकत नाही आणि थांबवू पण नये. काहींचं लग्न ठरलं. काहींची स्कॉलरशिप अडकली आणि फीसाठी ऑफिसातून रोज निरोप जायला लागला. काही पहिल्या इंटर्नलला नापास झाल्या आणि घाबरल्या. आणि काही वॉर्डमधून गेल्या. या प्रत्येकीचा उपाय वेगळा, सगळ्यांना मिळून "आजकालच्या मुलींना कष्ट नकोत" असं म्हटलं की विषय तिथेच संपतो.

निवडीबद्दल प्रिन्सिपल मॅडम म्हणतात ते अर्धं खरं आहे. मार्कांवरून मुलगी थिअरीत कशी चालेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो, वॉर्डमध्ये कशी वागेल याचा फारसा येत नाही. कॅनडात मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत मेडिकलच्या मुलांसाठी एक पद्धत निघाली, एका मोठ्या मुलाखतीऐवजी छोट्या छोट्या खोल्या, प्रत्येक खोलीत एक प्रसंग आणि काही मिनिटं, आपल्या ऑस्की या प्रॅक्टिकल परीक्षेसारखंच. नंतर नर्सिंगनेही बऱ्याच ठिकाणी ती घेतली. आपल्याला कोणाला नाकारायचा अधिकार नाही, पण ॲडमिशन झाल्यावर पहिल्या आठवड्यात हेच करता येतं की, मुली ओळखण्यासाठी! एका टेबलावर रागावलेला नातेवाईक, एका टेबलावर मराठीत समजावून सांगायचा डाएट, एका टेबलावर फक्त "तू इथे कशी आलीस" एवढाच प्रश्न. मार्क नाहीत, यादी नाही. कोणाला वडिलांनी ढकललंय, कोणाला इंग्लिशची धास्ती आहे, कोण एकटी पडणार आहे, एका दुपारीत कळतं, आणि तुमच्या हातात अख्खं सेमिस्टर असतं.

व्हिन्सेंट टिंटो म्हणून अमेरिकन अभ्यासक आहेत, त्यांनी १९७५ मध्ये मांडलं की मूल कॉलेजच्या अभ्यासात आणि तिथल्या माणसांत किती मिसळतं यावर ते टिकणार की जाणार हे बरंच ठरतं. आपल्याकडे अभ्यासाची बाजू आपण बघतो, माणसांची बाजू हॉस्टेलच्या रेक्टरवर सोडतो. पहिले सहा आठवडे कोण सोमवारी सकाळी गैरहजर असते ते बघा. शनिवारी स्वारगेटला एसटी पकडून गावाला गेलेली मुलगी सोमवारी आली नाही, परत पुढच्या सोमवारी आली नाही, म्हणजे ती मनाने निघालीच आहे. तेव्हाच बोलायचं असतं. अटेंडन्स शॉर्टेजची नोटीस लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

पहिली टेस्ट तिसऱ्या आठवड्यात घ्या, छोटी, इंटर्नलला न धरता. जी अडखळतेय तिला लगेच एका सीनियरशी जोडून द्या, आणि त्या सीनियरला पण त्याचं काहीतरी श्रेय द्या, नाहीतर दोन आठवड्यांत सगळं बारगळतं. कम्युनिकेटिव्ह इंग्लिशच्या तासाला व्याकरण कमी करून हँडओव्हर, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती, द्यायला शिकवा, पेशंटचं नाव, काय झालं, रात्री काय दिलं, काय बघायचं. चार वाक्यं नीट बोलता आली की मुलीची मान वर होते.

आणि आता मला जे सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. पहिल्या पोस्टिंगला तुम्ही तिथे उभ्या राहा. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक असं कौन्सिलचं प्रमाण आहे, पण कागदावरचा शिक्षक वॉर्डमध्ये दिसत नाही, मुलींना गेटवर सोडून गाडी परत जाते. मग वॉर्डमधली सिस्टर, जिच्याकडे आधीच तीस-चाळीस पेशंट आहेत, तिच्या गळ्यात या दहा पोरी पडतात. तिने शिकवायचं कधी? ती एकतर ओरडते नाहीतर यांना सॅम्पल पोचवायला आणि ट्रॉली ढकलायला लावते. मुलींना वाटतं चार वर्षं शिकून हेच करायचंय का. मी सिस्टरना दोष देत नाही, स्टाफ कमी आहे आणि विद्यार्थिनींवर वॉर्ड चालवायची सवय आपल्या व्यवस्थेला फार जुनी आहे. पण कॉलेजने ते चालू दिलं तर मुली जाणारच. पोस्टिंगच्या आधी इन्चार्ज सिस्टरना जाऊन भेटा, या आठवड्यात मुली काय शिकायला आल्यात ते लिहून द्या, शेवटी दहा मिनिटं सगळ्यांना गोळा करून आज काय झालं ते विचारा. कोणाचा पेशंट गेला असेल तर ते त्याच दिवशी बोला. याला पैसे लागत नाहीत, तुमचा वेळ लागतो, आणि तो वेळ प्रिन्सिपल मॅडमनी टाइमटेबलमध्ये लिहून द्यावा म्हणून तुम्ही भांडा. नुसत्या चांगुलपणावर केलेलं काम दुसऱ्या वर्षी बंद पडतं.

कडक वागलं की नर्स चांगली घडते असं अजून मानणारे आहेत. शिस्त पाहिजेच, औषधाच्या बाबतीत तर पाहिजेच पाहिजे. पण घाबरलेली मुलगी चूक लपवते, आणि नर्सिंगमध्ये लपवलेली चूक पेशंटला भोगावी लागते. हे मीटिंगमध्ये सांगा, अगदी या शब्दांत सांगितलंत तरी चालेल.

सगळ्यांना टिकवायचंच असा हट्ट मात्र नको. जिला पेशंटची मनापासून किळस आहे, वर्षभर सोबत करूनही जात नाही, तिला मोकळं करा, चांगल्या शब्दांत, ओरिजिनल कागद हातात देऊन.

प्रश्न : मॅडम मी मुलगा आहे, नर्सिंग करायचंय, घरचे म्हणतात हे पोरींचं काम. मला घेतील का आणि तिथे निभाव लागेल का? – बारामती

घेतील. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि बीएस्सी दोन्ही मुलांना खुलं आहे, एएनएम (त्याहून छोटा कोर्स) आणि एएफएमसीचं मिलिटरी नर्सिंग फक्त मुलींना. आयसीयू, ओटी, डायलिसिस, येरवड्याच्या मनोरुग्णालयासारख्या ठिकाणी मेल नर्स आहेत आणि हवे आहेत. अडचण दोनच ठिकाणी येते. प्रसूतीचा विषय तुलाही शिकावाच लागतो, तिथे पेशंटची परवानगी आणि सोबत बाई स्टाफ हे पाळायचं, कोणी नको म्हटलं तर मनाला लावून घ्यायचं नाही. दुसरं हॉस्टेल, बऱ्याच नर्सिंग कॉलेजांत मुलांसाठी नसतं, मग मुलगा बाहेर कॉट बेसिसवर राहतो, पहाटे उठून सकाळची ड्युटी गाठतो, एकटा पडतो आणि सोडतो. कॉलेज निवडताना हे आधी विचार, आणि तुझ्या वर्गात अजून किती मुलं आहेत ते पण.

प्रश्न : ताई, मी रिक्षा चालवतो, आम्ही ओबीसीत येतो. मुलींना फी माफ झाली असं ऐकलं, नर्सिंगला पण आहे का? – हडपसर

आहे दादा. ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण ॲडमिशन कॅपमधूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही, आणि खासगी अभिमत विद्यापीठांना पण नाही, पुण्यात तशी बरीच आहेत म्हणून कॉलेजचं नाव नीट बघूनच ऑप्शन भरा. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, पुस्तकं यात येत नाहीत, तो खर्च आधी धरून ठेवा, कारण मुली बऱ्याचदा त्याच पैशाला अडतात. हॉस्टेलसाठी वेगळ्या योजना आहेत, समाजकल्याण आणि ओबीसी विभागाच्या, त्याची चौकशी ॲडमिशनच्याच आठवड्यात करा. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाईल आत्ताच काढायला टाका, शेवटच्या आठवड्यात सेतूत रांग असते. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या वेबसाईटवरचा, फॉर्म मुलीनेच भरायचा आणि दरवर्षी परत रिन्यू करायचा, मुलीचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन बघून या.